शिट्टीनंतरचा हात

मी भोईर बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्वतःचं निखळलेलं बोट जागेवर बसवत होत्या. डोंबिवलीत महिलांच्या कबड्डीचा सामना चालू होता आणि मी टेबलाशी बसून गुण लिहीत होतो. बाई रेषेबाहेर आल्या. त्यांचं डाव्या हाताचं मधलं बोट शेजारच्या बोटावर आडवं पडलं होतं. त्यांनी ते उजव्या मुठीत धरलं आणि ओढलं. मला आवाज ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, "आमचे किती?" मी गुण सांगितले. "मग रडायला टाइम नाय," म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

मी एका खाजगी कंपनीत हिशेब बघतो आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीचे गुण लिहितो. दोन्हीकडे आकडा चुकला की माणसं अंगावर येतात, फरक इतकाच की मैदानावर ती खरोखर येतात. पुढे मी कल्याणला राहायला आलो. मुलीच्या शाळेसाठी सगळीकडे चौकशी करून शेवटी पालिकेच्या शाळेतल्या सेमी-इंग्रजी वर्गात तिचं नाव घातलं. तिथे भोईर बाई शारीरिक शिक्षण शिकवत होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "काय हिशेबवाले, इकरं पण पाठ सोडत नाय का?" तेव्हापासून मी हिशेबवाले झालो. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, सांगता येत नाही.

बाई मिठागरवाल्या आगरी गावातल्या. त्या गावात आता टॉवर आहेत. अंगाने रुंद, मान आखूड, एक भुवई मधोमध फाटून पांढऱ्या रेघेने जोडलेली. अंगात पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीत पितळी शिट्टी. ती दोरी हळदीकुंकवालाही निघत नसे. रागावल्या की बोली पूर्ण आगरी व्हायची, आणि रागावलेल्या त्या बहुतेक वेळ असायच्या.

माणसं मोजायचं त्यांचं एकच माप होतं. कबड्डी हा मारामारीचा खेळ आहे, हे त्या लपवत नसत. कोपर लागतं, गुडघा लागतो, दात पडतात. पण पंचाने शिट्टी मारली की हात खाली. शिट्टीनंतर मारतो त्याची सोयरीक करू नये, त्याला घर भाड्याने देऊ नये, त्याला मत देऊ नये, असं त्या सरळ सांगत. शाळेत नवीन शिक्षक आला, गल्लीत नगरसेवक मत मागायला आला, की बाई त्याला खालून वरपर्यंत बघायच्या आणि हळूच म्हणायच्या, "हा शिट्टीनंतरचा आहे." किंवा, "नाय, हा बरा आहे." बऱ्याचदा ते बरोबर निघायचं. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

त्यांच्या भुवईची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. कल्याणजवळ पुरुषांचा अंतिम सामना होता आणि बाई पंच होत्या. यजमान संघाच्या एका पोराने शिट्टीनंतर पडलेल्या खेळाडूच्या बरगडीत लाथ घातली. बाईंनी त्याला बाहेर काढलं. पोरगा तिथल्या पुढाऱ्याचा भाचा होता. माणसं मैदानात उतरली, लोखंडी खुर्ची आली, ती बाईंच्या कपाळावर बसली आणि रक्त डोळ्यात उतरलं. बाई शिट्टी वाजवत उभ्या राहिल्या. त्या वेळी पाहुण्या संघातला एक चढाईपटू त्यांच्यासमोर येऊन थांबला, हात मागे बांधून. त्याला पाठीवर, मानेवर, तोंडावर मारलं गेलं. ओठ फाटला. त्याने हात सोडले नाहीत. पोलीस आल्यावर सामना पूर्ण झाला. मी नंतर गुणपत्रक धुतलेल्या हातांनी पुन्हा लिहून काढलं, कारण पहिल्यावर रक्त पडलं होतं.

त्या चढाईपटूचं नाव कैलास तरे. तो शाळेत असताना बाईंच्याच हाताखाली खेळला होता. त्या दिवसापासून तो बाईंच्या लेखी सोनं झाला. "कैलासला मारा, कापा," त्या म्हणायच्या, "शिट्टीनंतर हात उचलायचा नाय."

बाईंची दुसरी सवय म्हणजे घरी जाणं. पालकांना त्या शाळेत कधीच बोलवत नसत. शाळेत बोलावलेला बाप गुन्हेगारासारखा येतो आणि घरी जाऊन ती लाज पोरावर काढतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शनिवारी शाळा सुटली की त्या चाळींतून, सोसायट्यांतून फिरायच्या, जे घरात असेल ते खायच्या आणि मग जे सांगायचं ते सांगायच्या. काहीही लपवायच्या नाहीत. आमच्या घरी माझे मेव्हणे आलेले असताना, कांदेपोहे खाता खाता, त्यांनी जाहीर केलं की माझ्या मुलीने, तन्वीने, चाचणीत शेजारणीचं बघून लिहिलं. तन्वी आत जाऊन रडली. मी बाईंना म्हटलं, जरा बाजूला घेऊन सांगायचं. त्या म्हणाल्या, "घरच्यांपासून लपवला तर आपण चोर. पोर तुमचा, शाळेचा नाय." हे वाक्य त्यांनी मी ऐकलेल्या सगळ्या पालकसभांत कधी ना कधी म्हटलं असेल.

कैलासचं मूल आठवीत होतं. शाळेच्या पटावर नाव मयूरी. त्याचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं, आणि सरावाला येणारी सगळी मुलं त्याला मयूर म्हणत. मीही तसंच लिहितो आहे. केस कानावर कापलेले, बोलणं कमी, पायात विलक्षण वेग. मुलींचा संघ अपुरा म्हणून बाई सगळ्यांचा सराव एकत्र घेत, आणि त्यात मुलगे मयूरच्या चढाईला बिचकत.

कबड्डीत वयाला आणि वजनाला गट असतात. सामन्याआधी वजन होतं. त्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेत मुलींचा काटा एका वर्गात होता आणि मुलांचा व्हरांड्यात. मयूर व्हरांड्यातल्या रांगेत जाऊन उभा राहिला. काट्यावरच्या माणसाने पुकारा केला, "ए पोरी, तुझी रांग तिकडे."

"माझी हीच आहे," मयूर म्हणाला.

आधी हसू फुटलं. मग मागून कुणी तरी टोपी उडवली, कुणी तरी "छक्का" म्हणालं, आणि दुसऱ्या शाळेच्या एका दांडग्या मुलाने मयूरच्या गुडघ्यामागे लाथ मारली. मयूर खाली बसला आणि तिथूनच डोकं वर घालून उठला. ते त्या मुलाच्या नाकावर लागलं. क्षणात पाच-सहा मुलं त्याच्यावर पडली. मी टेबलामागून फक्त बूट पाहत होतो. बाई शिट्टी वाजवत घुसल्या, एकेकाला कॉलरने उचलून बाजूला फेकलं, आणि तळातून मयूरला काढलं. त्याच्या दातांत रक्त होतं.

"शिट्टीनंतर मारलास का कुणाला?"

"नाही बाई. आधी."

"मग ठीक."

परत येताना रिक्षात आम्ही तिघंच होतो. मयूर रुमाल तोंडाला लावून बाहेर बघत होता. शहाडचा पूल आला तेव्हा त्याने न विचारता सांगितलं. लहानपणापासून तो स्वतःला मुलगाच समजतो, ही काही गंमत नाही, मुलींच्या काट्यावर उभं राहिलं की खोटं बोलल्यासारखं वाटतं. त्याने ते एखादा हिशेब तोंडपाठ असावा तसं सांगितलं. बाईंना ते कितपत समजलं, मला ठाऊक नाही. मलाही त्या वेळी फारसं समजलं नव्हतं. शेवटी मयूर म्हणाला, "बाई, घरी नका सांगू. पप्पा मारतील."

बाई हसल्या. "तुजे बापाला मी तुज्याआधी ओळखतंय. तो मारायचा नाय."

मुख्याध्यापक सावंत सर घाबरट, पण वाईट नव्हते. रांगेतली मारामारी कानावर गेली तेव्हा त्यांनी वरच्या ऑफिसात विचारून पाहिलं. अशा वेळी शाळेने काय करायचं याचं स्पष्ट उत्तर त्यांना कुणी दिलं नाही. मग त्यांनी मधला मार्ग काढला: पालकांना बोलवायचं, सांगायचं, आपण मोकळे. बाई म्हणाल्या, बोलवायचं नाही, मी जाते. मूल नको म्हणतंय, हे त्यांनी सरांना सांगितलं. पण मूल काय, गणितात नापास झालं तरी नकोच म्हणतं, असंही त्याच दमात सांगितलं.

शनिवारची वाट न बघता बाई मोहने गावात कैलासच्या घरी गेल्या. कैलास आता पाण्याचे टँकर चालवत होता, स्वतःचे. त्याने पाया पडून बाईंना खुर्ची दिली. रंजनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, घावन केले. बाईंनी खाल्ले आणि नेहमीसारखं सगळं सांगितलं. वजनाची रांग, मारामारी, रिक्षातलं बोलणं. शेवटी कैलास म्हणाला, "बरं केलंत बाई, सांगितलंत." दारापर्यंत पोचवायला आला. दुसऱ्या दिवशी शनिवार. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती आणि मी समितीवर पालक सदस्य आहे, म्हणून लवकर पोचलो होतो. बाई मला फाटकाशी हे समाधानाने सांगत होत्या. म्हणत होत्या, बघा, बाप असा पाहिजे.

तेवढ्यात रंजना आली. तिच्या एका पायात चप्पल नव्हती.

तिने सांगितलं ते मी कमी करून लिहितो. बाई गेल्यावर कैलासने दार लावलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. टँकरचा जाड पाइप असतो, त्याने सुरुवात केली. रंजना मध्ये पडली तेव्हा तिला मोरीत ढकलून बाहेरून कडी घातली. मग त्याने मयूरचा हात उंबऱ्यावर ठेवला आणि त्यावर पाय दिला. पोरांना कुठल्या हाताने धरतेस, असं तो विचारत होता. शेजाऱ्यांना वाटलं, टीव्हीवर मॅच चालू आहे. हात दोन ठिकाणी मोडला होता. मयूर इस्पितळात होता आणि रंजनाची आई खडवलीहून येऊन त्याच्याजवळ बसली होती.

बाईंनी एवढंच विचारलं, "शुद्धीवर आहे?" रंजना हो म्हणाली. मग बाई चालू लागल्या. मी मागून निघालो, काही तरी अडवावं म्हणून.

कैलास टँकर भरण्याच्या जागेवर होता. बाईंना बघून तो दचकला नाही. "बाई, हा घरचा मामला आहे," म्हणाला.

"मी तुला यासाठी सांगून गेलेले काय?"

"तेच ना. तुम्हीच आलात सांगायला. मग बापाने काय करायचं होतं? पेढे वाटायचे?"

बाईंनी गळ्यातली शिट्टी काढली. ती दोरी मी त्यांच्या गळ्यातून निघालेली पहिल्यांदा पाहिली. शिट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धरा."

कैलासच्या हातात व्हॉल्व्हचा पाना होता. बाई पुढे सरकल्या तसा त्याने तो फिरवला. तो त्यांच्या कानावर बसला. कान फाटून रक्त मानेवर आलं. पण बाई तोवर खाली बसल्या होत्या. साठीला आलेली बाई इतक्या झटक्यात खाली बसेल असं त्याला वाटलं नसावं. त्यांनी त्याचा घोटा दोन्ही हातांत धरला आणि मागे झोकून दिलं. ही त्यांची जुनी पकड, त्यांनीच त्याला शिकवलेली. तो सिमेंटच्या कठड्यावर खांद्याने आदळला आणि खांदा निखळल्याचा आवाज पंपाच्या आवाजातही आला. तो ओरडला. मग जमिनीवर हात आपटून म्हणाला, "आऊट. बाई, आऊट झालो."

त्यानंतरही बाईंनी त्याला मारलं. तोंडावर, बरगड्यांत, निखळलेल्या खांद्यावर. पाणी भरायला आलेल्या बायकांनी त्यांना ओढून काढलं तेव्हा त्यांच्या मुठीत त्याचा दात रुतला होता.

कुणी तरी मोबाइलवर ते टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या ग्रुपवर फिरलं. गुन्हे दोघांवर दाखल झाले. बाई निलंबित झाल्या. कैलास काही काळ आत राहून जामिनावर सुटला. बाल कल्याण समितीने मयूरला आजीकडे, खडवलीला ठेवलं, आणि बापाने आजी हजर असतानाच भेटायचं, असं बजावलं.

आमची राहिलेली बैठक पुढे झाली ती शाळेच्या हॉलमध्ये, कारण ऑफिसात माणसं मावेनात. प्रश्न एकच होता: असं मूल शाळेत काही सांगू लागलं, तर घरी कळवायचं की नाही. चिडलेले पालक चुकीचं बोलत होते असं मला वाटलं नाही. एक आई उभी राहून म्हणाली, "रात्री ताप आला तर मी जागते. आणि माझ्या पोराच्या मनातलं शाळेला माहीत, मलाच नाही?" टाळ्या पडल्या. एक जण म्हणाला, आज हे लपवाल, उद्या आणखी काही लपवाल. मागून कुणी तरी बाईंना शिवी घातली. दुसऱ्याने त्याची मान धरली, बाक आडवे झाले, सावंत सर टेबलामागे गेले. शांत व्हायला वेळ लागला.

बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, कानाला पट्टी. त्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता, पण सगळे वळून त्यांच्याकडेच पाहत होते. मी उभा राहिलो. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी विचारलं, "बाई, तन्वीने तुम्हाला असं काही सांगितलं असतं, तर मला सांगितलं असतंत का?"

"आधी सांगितला असता. लगेच."

"आणि आता?"

"आता तिला विचारीन, बाप मारतो का. ती नाय म्हणाली, तरी पुन्हा विचारीन. ती म्हणाली सांगा, तर तिला बाजूला बसवून सांगीन." मग म्हणाल्या, "मी माणूस मैदानात बघितला. मैदानात पंच असतो, हिशेबवाले. घरात कोण असतो?"

मला राग आला. मी तन्वीवर कधी हात उचललेला नाही. पण तो राग घेऊन मी खाली बसलो तेव्हा लक्षात आलं की हे बाईंना कळायला काही मार्ग नाही. माझे पोहे खाऊन तर नक्कीच नाही.

ठराव असा झाला की मुलाला विचारल्याशिवाय घरी सांगायचं नाही. सांगायचं तर मूल समोर असताना, दोन शिक्षकांनी. मारहाणीची भीती असेल तर आधी बाल कल्याण समितीकडे जायचं. पालकांना कायमचं अंधारात ठेवायचं नाही, हेही त्यात घातलं. ते बाईंच्याच जुन्या वाक्यातून आलं होतं. हात मी मोजले. एका मताने पास झाला. वर्षअखेर काही पालकांनी मुलं काढून घेतली. ठराव बरोबर की चूक, ते मी आकड्यावरून ठरवू शकत नाही.

मी शिट्टी परत करायला बाईंच्या घरी गेलो होतो. त्यांनी हात मागे घेतला. "आऊट म्हणाला होता तो," म्हणाल्या. "शिट्टीनंतर मारलं मी. ती आता माझी नाय." मी म्हटलं, शिट्टी माझ्या हातात होती, कुणी वाजवलीच नाही. त्या म्हणाल्या, "हिशेब नका शिकवू." आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी शिट्टी खिशात घालून आणली.

त्यांना शेवटचं पाहिलं ते खडवलीला. गावच्या सामन्यांना मला गुण लिहायला बोलावलं होतं. मुख्य सामन्यांआधी गावातली मुलं आपसात खेळत होती, त्यात मयूर होता. त्या खेळाला काटा नव्हता, रांग नव्हती. त्याचा डावा हात मनगटापाशी जरा वाकडा जुळला आहे. पाय तसेच आहेत. शिट्टी माझ्या खिशात होती. बाई येणार हे कळलं होतं, आणि या वेळी त्या घेतील असं मला वाटत होतं.

बाई आजीशेजारी बसल्या होत्या. बऱ्याच वाळल्या होत्या, गळा मोकळा. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला, माझ्या टेबलाजवळच्या माणसांमध्ये, कैलास उभा होता. त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. बाईंनी त्याला पाहिलं. त्या उठल्या, चालत पूर्ण मैदानाला वळसा घालून गेल्या आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी त्याच्या धड हाताचं मनगट धरलं. बचाव करणारे खेळाडू एकमेकांचे हात धरून साखळी करतात, लांबून बघणाऱ्याला तसंच दिसलं असतं. मी टेबलाशी होतो, ते दोघं माझ्यापासून हातभर अंतरावर.

मयूर चढाईला गेला. मुलांनी त्याला कोपऱ्यात गाठलं, एकाने पायात उडी घातली, दुसऱ्याने कमरेला मिठी मारली, आणि तो तोंडावर मातीत गेला. कैलासचा हात झटक्याने उठला. कशासाठी उठला, ते मला कळलं नाही. बाईंची बोटं त्याच्या कातडीत रुतून पांढरी झाली.

"बाई, सोडा," तो म्हणाला. "बघायला आलोय नुसता."

"बग ना मग. बघायला हात कशाला लागतो?"

मातीच्या ढिगातून मयूरने वाकडा हात बाहेर काढला आणि मधल्या रेषेवर टेकवला. त्या ढिगात जितकी मुलं होती तितके गुण मी लिहिले. खेळ संपेपर्यंत बाई तशाच उभ्या होत्या. शिट्टी द्यायची राहून गेली. त्यांचा हात मोकळा नव्हता.